सदूकाकाची कुईकुई

परवा माझी नात मोबाईल नाचवत माझ्याकडं आली. पडद्यावर कुणी गोरा माणूस, अर्ध्या चड्डीत, समुद्राच्या वाळूवरनं लांब दांड्याचं यंत्र फिरवत चाललेला. यंत्र किंचाळलं, तो गुडघ्यावर बसला, वाळू उकरली आणि अंगठी वर काढून असा नाचला की घरात पोरगंच झालंय. "आज्जी, कसला भारी छंद आहे ना!" नात म्हणाली. मी म्हटलं, "ह्यात भारी काय गं? हे आम्ही पंचगंगेच्या घाटावर केलंय. आणि त्याला अंगठी वाळूत सापडली. मला गुळात सापडली." पोरीनं माझ्याकडं असं बघितलं, की म्हातारीचं आता काही खरं नाही. सुनेनंही स्वयंपाकघरातनं डोकं बाहेर काढलं. म्हणून म्हटलं, हे एकदा लिहूनच टाकावं. सांगायला बसलं की मधेच कुणाचातरी फोन वाजतो.

आमचं घर शुक्रवार पेठेत, नदीकडं उतरणाऱ्या रस्त्याला. घरात आबा, आई, माझी थोरली बहीण मंदा, जिला मी अक्का म्हणायची, मी, आणि आबांचा धाकटा भाऊ सदूकाका. आबांची नदीपलीकडं थोडी शेती, ऊस आणि हंगामात चालणारं गुऱ्हाळ. सदूकाकाला मातीचा कंटाळा. घराच्या पुढच्या सोप्यात त्यानं रेडिओ दुरुस्तीचं दुकान थाटलं होतं. त्यामुळं आमची सकाळ कोंबड्यानं कधी झालीच नाही. एकीकडं आईच्या भाकरी थापण्याचा धप्‌धप् आवाज आणि दुसरीकडं सोप्यात चार रेडिओ एकदम खरखरायला लागलेले. एकातनं बातम्या, एकातनं कानडी भजन, एकातनं नुसतीच शिट्टी. आई आतनं ओरडायची, "भावजी, एक तर बंद करा, न्हायतर भाकरी करपंल!" भाकरीचा आणि रेडिओचा काय संबंध, हे तिला कुणी विचारलं नाही. काकाचं लग्न झालं नव्हतं. मुलगी बघायला गेला की तो तिच्या घरचा बंद पडलेला रेडिओ दुरुस्त करून परत यायचा, आणि मुलगी कशी होती विचारलं तर म्हणायचा, "बघायचीच राहिली की गं!"

ह्या काकाला एकदा रद्दीत एक परदेशी मासिक सापडलं. त्यात फोटो होता, कुठल्यातरी माळरानावर एक माणूस उभा, हातात काठीचं यंत्र, आणि दुसऱ्या हातात बटाट्याएवढा सोन्याचा गोळा. शेजारी त्या यंत्राची आकृती. काकाला इंग्रजी वाचता यायचं नाही, पण तारांची आकृती बघून तो सगळं समजायचा. आठवडाभर त्यानं गिऱ्हाइकांना दारातनंच परत पाठवलं. पिठाच्या जुन्या चाळणीची जाळी काढून तिच्या लाकडी कड्याला तांब्याची तार गुंडाळली, कडं वेळूच्या काठीला बांधलं, मुठीपाशी एक खिशातला ट्रान्झिस्टर आणि बॅटऱ्यांची डबी. चालू केलं की ट्रान्झिस्टरमधनं एकसारखी कुंऽऽई अशी शिट्टी यायची, आणि कड्याखाली कुठलाही धातू आला की शिट्टीचा सूर बदलायचा. आईनं त्याचं नाव ठेवलं 'कुईकुई'. चाळणी तिची होती, त्यामुळं नाव ठेवायचा हक्कही तिचाच.

एक अडचण होती. लहानपणी कुणीतरी कानाशी आपटबार फोडल्यामुळं काकाला बारीक आवाज ऐकू यायचा नाही. सूर जराच बदलला तर त्याला पत्ता लागायचा नाही. म्हणून इअरफोनची बोंडी कानात घालून ऐकायचं काम माझ्याकडं आलं; बाहेरचा आवाजही चालू राहील अशी ती काकानं जोडली होती. काका काठी फिरवायचा, मी वायरीनं त्याला बांधल्यागत शेजारनं चालायची. दर रविवारी सकाळी आमची ही वरात घाटावर. उन्हाळ्यात पाणी उतरलं की पायऱ्यांखालचा गाळ उघडा पडायचा आणि तिथं आमचं राज्य. कपडे बडवणाऱ्या बायका, म्हशी धुणारे, पोहायला आलेले तालमीतले पैलवान, सगळे आमच्याकडं बघून हसायचे. "काय सदूभाऊ, घावला का हंडा?" काका शांतपणे सांगायचा, "हंडा न्हाय, पर तुमच्या म्हशीचा नाल घावंल." म्हशीला नाल नसतो हे त्या माणसाच्या ध्यानात येईपर्यंत आम्ही पुढं गेलेलो असायचो.

काय काय सापडायचं म्हणून सांगू! खिळे, बिजागऱ्या, तांब्याचे ढब्बू पैसे, पायातली जोडवी, कुलपं, एकदा तर सबंध पळी. जोडव्यांचा धनी मिळाला तर देऊन टाकायची, नाही मिळाला तर डालड्याच्या डब्यात. घरी परतेपर्यंत पोटात कावळे ओरडत असायचे, आणि गल्लीच्या तोंडाशीच मटणाच्या रश्शाचा वास यायचा. हात कितीही धुतले तरी गाळाचा वास जायचा नाही; तांबड्या रश्शात भाकरी चुरताना दोन्ही वास एकत्र यायचे. मला आजही रश्शाच्या वासाबरोबर नदी आठवते. त्या रविवारांइतकी मी पुढं फार वेळा सुखी झाले नाही, आणि झाले तेव्हा मला ते तेवढं कळलं नाही.

सोनं मात्र कधी सापडलं नाही. आईला त्याचा आनंदच होता. तिच्या माहेरी पक्कं मानत की सोनं हरवूही नये आणि सापडूही नये, दोन्ही अशुभ. "भावजी, लोखंड आणा, तांबं आणा, पर सोनं माझ्या उंबऱ्याच्या आत आणायचं न्हाई," असा तिचा दंडक. काकाला तर सोन्याचीच ओढ. तो म्हणायचा, सोन्याचा सूर वेगळा लागतो, बारीक आणि वरचा. पण ते खरं कशावरनं? शेवटी त्यानं आईलाच गळ घातली. आई कुरकुरत कानातलं फूल काढून लाकडी काठवटीतल्या पिठात लपवायची, कधी लोखंडी किल्ली लपवायची, आणि मी डोळे मिटून ऐकायची. किल्लीला शिट्टी जाडसर होऊन खाली बसायची. फुलाला ती जराशीच वर चढायची, सुई टोचल्यासारखी. आठ-पंधरा दिवसांत मला फरक कळायला लागला. आई म्हणायची, "शाळेत एवढं लक्ष दिलीस तर मास्तरीण होशील." पण तिलाही त्या खेळाची गोडी लागली होती. फूल कुठं लपवलंय हे मी ओळखलं की ती मनापासून हसायची.

अक्काचं लग्न ठरलं ते हातकणंगल्याला. मुलगा वारणेच्या साखर कारखान्यात नोकरीला. गुळवाल्यांची पोरगी साखरवाल्यांच्या घरात चालली म्हणून पेठेत सगळ्यांनी चेष्टा करून घेतली. मुलाचं नाव विलास, आमचे होणारे दाजी, स्वभावानं गरीब. धास्ती होती ती त्याच्या आईची. त्यांना अक्का आत्याबाई म्हणायला लागली म्हणून आम्हीही आत्याबाईच म्हणायचो. उंच, खणखणीत आवाजाच्या, आणि जिभेला हाड नाही. साखरपुड्याला आमच्या घरी चहाचा घोट घेऊन त्या सगळ्यांसमक्ष म्हणाल्या होत्या, "ह्यो चहा हाय, का पाय धुवायचं पाणी?" आई महिनाभर तो चहा विसरली नाही. साखरपुड्यात त्यांनी अक्काच्या बोटात स्वतःच्या आईची अंगठी घातली, जुनी, नागमोडी नक्षीची. अक्काला ती सैल होत होती. एकदा घातलेली अंगठी लग्नापर्यंत काढायची नाही, असं आईचं म्हणणं, म्हणून आईनं आतल्या बाजूला तांबडा दोरा गच्च गुंडाळून दिला.

ते थंडीचे दिवस. गुऱ्हाळ जोरात होतं. ज्यांनी गुऱ्हाळ बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगते. उसाचा रस मोठ्या काहिलीत घालून खाली चुलवाण पेटवायचं. अशा एका वेळच्या काहिलीला आमच्याकडं आदण म्हणतात. रस उकळताना त्यातली घाण वर यावी म्हणून भेंडीची झाडं ठेचून, पाण्यात चोळून, त्याचा बुळबुळीत चीक रसात सोडायचा. वर आलेली मळी काढून टाकायची. पाक झाला की काहील वाफ्यात, म्हणजे फरशीच्या उथळ खड्ड्यात ओतायची, आणि घट्ट व्हायला लागला की पत्र्याच्या डब्यांत भरायचा. निवल्यावर डबा उलटा केला की गुळाचा भला थोरला रवा. आमच्याकडं हे सगळं बघायचे दस्तगीरमामा. ते गुळव्या, म्हणजे पाक कधी उतरायचा हे ठरवणारा माणूस. गुऱ्हाळावर त्यांच्यापुढं आबाही बोलत नसत. तिथला वास, चिपाडाचा धूर, उसावर गुंडाळून ओढलेला गरम गूळ, काहिलीत फडक्यात बांधून सोडलेली रताळी! आता डॉक्टरनं मला साखर बंद केलीय. गूळही बंद. मी कुणाला न सांगता खाते.

पावण्यांना गुऱ्हाळावर बोलवायची आमच्याकडं पद्धत आहे. सोयरीक जुळली की व्याह्यांना रस प्यायला बोलवायचंच. त्या दिवशी दुपारनंतर आत्याबाई आणि दाजी येणार होते. म्हणून आम्ही सगळेच सकाळी तिकडं गेलेलो. पावण्यांना द्यायचा गूळ चांगला निघावा म्हणून अक्का स्वतः भेंडी चोळायला बसली. कोपरापर्यंत हात चिकात. पहिलं आदण उतरलं, वाफ्यातनं डब्यांत गेलं, दुसरं चढलं. दुपारी आम्ही बांधावर भाकरी-खर्डा घेऊन बसलो, अक्कानं हात धुतले, भाकरी मोडायला घेतली आणि तशीच थांबली.

"शाले," ती हळू आवाजात मला म्हणाली, "बोट मोकळं हाय गं."

मला आधी कळलंच नाही. मग तिचा हात बघितला आणि माझ्या तोंडातला घास तोंडातच राहिला. भेंडीचा चीक! त्या चिकात हातातनं मासा सुटेल, तिथं सैल अंगठीची काय कथा. दोरासुद्धा भिजून बुळबुळीत झाला असणार. आईला कळलं तेव्हा ती चिपाडाच्या ढिगावर मटकन खाली बसली. लग्नाआधी, सासरचं सोनं, आणि तेही आत्याबाईंच्या आईचं. "आता काय व्हायचं ते व्हईल," एवढंच ती म्हणत राहिली. अक्काच्या डोळ्यांतनं धारा लागलेल्या. आम्ही चिकाचं पिंप उपडं करून बघितलं, भेंडीचा चोथा काडी-काडी चाळला, मळीच्या खड्ड्यात काका ढोपरापर्यंत उतरला. कुठंच नाही. दुसऱ्या आदणात चीक अजून सोडला नव्हता, म्हणजे अंगठी चिकाबरोबर काहिलीत गेली आणि पहिल्या आदणाच्या दहा रव्यांपैकी एकात जाऊन बसली होती.

आबांनी सरळ कुऱ्हाड उचलली. दस्तगीरमामा आडवे झाले. "मालक, धाच्या धा फोडणार? माझ्या हातचा रवा आजवर बाजारात सौद्याला फुटका गेला न्हाई."

"पोरीच्या डोळ्याला पाणी हाय, मामा," आबा म्हणाले. "गुळाचं काय घिऊन बसलाय!"

तेवढ्यात काका मळीनं भरलेल्या पायांनीच सायकलवर बसला. "कोण काय फोडू नका. मी आलोच," असं ओरडून तो गेला. आबा कपाळाला हात लावून म्हणाले, "गेलं येडं खेळणं आणायला." पण कुऱ्हाड त्यांनी खाली ठेवली.

काका कुईकुई घेऊन आला तेव्हा रवे निवले होते. डबे पत्र्याचे, त्यामुळं सगळे रवे बाहेर काढून मोकळ्या रानात अंतरा-अंतरानं मांडले. फावडी, विळे, बादल्या लांब नेल्या. आईनं जोडवी काढून ठेवली. गड्यांच्या पायात कोल्हापुरी वहाणा, त्यांना खिळा नसतो, म्हणून ते जवळ उभे राहिले तरी चालत होतं. मी बोंडी कानात घातली आणि डोळे मिटले. काका एकेका रव्याच्या चारी बाजूंनी कडं फिरवायला लागला. पहिला रवा, काही नाही. दुसरा, काही नाही. मला माझ्याच छातीचे ठोके शिट्टीपेक्षा मोठे ऐकू येत होते. चौथ्याला शिट्टी एकदम जाड होऊन खाली बसली. "हाय!" काका ओरडला, कारण ते त्यालाही ऐकू गेलं. मी मान हलवली. "ही किल्ली हाय काका, फूल न्हाई." पुढं सरकलो. सातव्या रव्याच्या एका कुशीला शिट्टी हलली. हलली म्हणजे किती, तर असेल-नसेल एवढी, पण वर. मी परत फिरवायला लावलं. परत वर. काठवटीतल्या पिठासारखंच.

"ह्यो," मी म्हटलं. काकानं पावण्यांच्या हळदीकुंकवासाठी आणलेल्या ओल्या हळदीचं बोट त्या रव्यावर टेकवलं, हातातली काठी मागं कलली आणि त्याच क्षणी कानातली शिट्टी अशी बोंबलली की मी बोंडी उपसून फेकली. मागं बघते तर दाजी उभे, पायात चकाचक पॉलिश केलेले खिळ्याचे बूट. आणि त्यांच्या शेजारी छत्री टेकून आत्याबाई.

"कोण मेलंय काय हितं?" आत्याबाई म्हणाल्या. "सगळी तोंडं पाडून का बसलायसा? आणि ही पोरगी गुळाच्या कानात काय सांगतीया?"

आई पदरात तोंड लपवून. शेवटी आबा पुढं झाले. माझ्या बापानं आयुष्यात खोटं बोलायचा प्रयत्न केला असता तरी त्याला जमलं नसतं. "विहीणबाई," ते म्हणाले, "तुमची अंगठी पोरीच्या बोटातनं गळली. ह्या गुळात गेली. आमाला माफ करा."

आत्याबाईंनी अक्काकडं बघितलं. मग त्यांनी रव्यांकडं बघितलं. मला वाटलं, आता चहाच्या वेळचं निघणार. पण त्यांनी आबांना विचारलं, "गूळ कुणाचा?"

"आमचाच की."

"मग हरवली कुठं? घरच्या गुळात हाय म्हंजे घरातच हाय. फडताळात ठेवल्यालं सोनं हरवलं म्हणता काय तुमी?"

आईनं पदर खाली घेतला. काकानं आत्याबाईंना कुईकुईचं सगळं सांगितलं आणि हळद लावलेला रवा दाखवला. आबांनी परत कुऱ्हाड घेतली, तशी आत्याबाईंनी छत्री आडवी धरली. "फोडायचा न्हाई." मग त्या माझ्याकडं वळल्या. "पोरी, ह्यातच हाय?"

"व्हय," मी म्हटलं. "सोन्याचा सूर बारीक लागतो. मी ऐकलोय."

"मग झालं. ह्यो रवा आमच्या गाडीत टाका. मंदा माप ओलांडून घरात आली की मी माझ्या हातानं फोडते. अंगठी निघंल आणि गावाचं तोंडबी गोड हुईल. आणि आता रस द्या, घसा सुकलाय." त्या चिपाडाच्या ढिगावर आईशेजारी बसल्या आणि गडवाभर रस प्यायल्या. ह्यावेळी नाव ठेवलं नाही.

ते गेल्यावर दस्तगीरमामांनी चौथा रवा स्वतः फोडला. त्यांच्या गुळात किल्ली असूच शकत नव्हती म्हणे. किल्ली नव्हती, वाकडा खिळा निघाला. तो त्यांनी लांब रानात भिरकावला. पण लोखंड ऐकू येतं हे सगळ्यांना माहीतच होतं. प्रश्न सोन्याचा होता, आणि आईनं तो संध्याकाळी विचारलाच, "आणि नसली तर? सगळ्या गावासमोर?" आबांनी फक्त उरलेले आठ रवे सौद्याला पाठवले नाहीत. लग्न होईपर्यंत ते आमच्या सोप्यात, काकाच्या रेडिओंशेजारी रचून ठेवलेले. सगळ्या घरभर मुंग्या. रेडिओत मुंग्या, अंथरुणात मुंग्या, माझ्या वेणीत मुंग्या. मला ते रवे बघून वाईट वाटायचं. आबांना माझा कान पटला नव्हता, असं वाटायचं. आता मी स्वतः पोरी उजवल्यात, आता कळतं. पोरीच्या बाबतीत बाप दोन्हीकडनं दोर बांधून ठेवतो.

लग्न झालं. वऱ्हाड पॅसेंजरनं हातकणंगल्याला निघालं आणि पाठराखीण म्हणून अक्काबरोबर मी. निघताना काका स्टेशनवर आला होता. गाडी हलली तशी खिडकीशी धावत तो एवढंच म्हणाला, "तू ऐकलीस ना, मग हायच." त्याच्या तोंडावर मात्र लग्नघरातली कळा नव्हती. त्याचं काय कमी पणाला लागलं होतं? अख्खी पेठ ज्याला येडा म्हणत होती त्याच्याकडं दाखवायला ती एकच गोष्ट होती.

हातकणंगल्याच्या दारात बघते तर ही गर्दी. आत्याबाईंनी गावभर सांगून ठेवलं होतं, "माझी सून अंगठी गुळात घालून आणतीया, बघाय या." अक्कानं माप ओलांडलं. पाटावर तो रवा, काकाच्या हळदीचं बोट अजून तसंच. आत्याबाईंनी पदर खोचला आणि उजव्या हातात बत्ता घेतला. डाव्या हाताची मूठ पदराआड. दृष्ट काढायला मीठ-मोहऱ्या घेतल्या असतील, असं मला वाटलं. पहिला घाव घातला, कोपरा उडाला. दुसरा, तिसरा. बायका तुकडे उचलून वाटायला लागल्या. सगळे तोंडं हलवत बघतायत आणि अंगठी नाही. अर्धा रवा गावाच्या पोटात गेला. अक्काचा हात माझ्या हातात होता. मी मनात कुईकुईचा सूर आठवत होते. वर गेला होता ना? नक्की वर? आत्याबाईंनी माझ्याकडं एकदा बघितलं आणि परत बत्ता उचलला. तो घाव बसला तसा एक मोठा तुकडा उताणा पडला, आणि त्यातनं एक तपकिरी दोरा मिशीसारखा बाहेर आलेला मला दिसला.

"दोरा!" मी केवढ्यांदा तरी ओरडले. आईनं गुंडाळलेला दोरा. पाकात शिजून त्याचा रंग गेला होता, पण गाठ आईचीच. आत्याबाईंनी तो तुकडा तसाच अक्काच्या हातात ठेवला. "घे. चोखून काढ." आणि माझी अक्का, शालू नेसलेली, मुंडावळ्यांसकट, सासरच्या उंबऱ्यात उभी राहून पोरासारखी गूळ चोखत राहिली. लोक हसून बेजार. दाजी सगळ्यांत जास्त. अंगठी मोकळी झाली तेव्हा अक्का रडत होती आणि तोंडभर हसतही होती. मला तर रडूच आवरेना.

परत आल्यावर काकाला सांगितलं तेव्हा तो सोप्यात रेडिओ उघडून बसला होता. सगळं ऐकून त्यानं फक्त विचारलं, "किती आत हुती?" मी हातावर चार बोटं दाखवली. "मग कड्याला अजून वेढे पायजेत," तो म्हणाला आणि तारेचं बंडल शोधायला उठला. पाठ फिरवून बराच वेळ शोधत राहिला. आईनं त्या रविवारी मटणाच्या रश्शातली नळी त्याच्या ताटात वाढली, जी एरवी आबांची असायची, आणि आबांनीही काही म्हटलं नाही. उरलेले आठ रवे आम्ही पेठेत वाटले. मुंग्या मात्र पावसाळ्यापर्यंत होत्या.

पुढं काही वर्षांनी माझं लग्न झालं. आहेराच्या वेळी आत्याबाई आल्या, थकलेल्या, पण आवाज तसाच. त्यांनी माझा हात ओढला आणि बोटात एक अंगठी घातली. नागमोडी नक्षीची. मी दचकून अक्काकडं बघितलं. तिची तिच्या बोटात होती.

"ही दुसरी," आत्याबाई म्हणाल्या. "गुऱ्हाळावरनं आल्या-आल्या गुजरीतल्या सोनाराकडनं तसलीच करून घेतली. रवा फोडताना माझ्या मुठीत हुती."

"म्हंजे, तुमचा माझ्यावर इस्वास नव्हता?"

"हुता की. म्हणून तर तीन-चार घाव घातल्यावरबी मूठ उघडली न्हाई. पर तूबी पोरगीच, एखादं वेळी कान चुकतोय. माझ्या दारात तुमा दोघींची मान खाली जायला नको हुती. गुळाच्या चुऱ्यात हळूच सोडणार हुतो." मग त्या जरा थांबल्या. "तू दोरा म्हणून वरडलीस तवा माझा जीव भांड्यात पडला. लई वर्सं पेटीत हुती. तुझीच हाय ती."

मी त्यांच्या पाया पडायला वाकले, तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. आणि चहा चांगला करायला शीक. तुझ्या आईला काय जमला न्हाई."

अंगठी मला पहिल्यापासून सैल होते. आत्ता हे लिहितानाही बोटात आहे. आतल्या बाजूला तांबडा दोरा गच्च गुंडाळलाय, आईसारखीच गाठ मारून.